मोठा यूपीएस घेऊ नका, आधी कॉइलची वायर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. संपमधून (जमिनीखालच्या टाकीतून) उंच टाकीत पाणी चढवणारे १५ किलोवॅटचे ३ पंप, तिन्हींना स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी ‘स्टार’ जोडणीत कमी दाबावर उठवून मग ‘डेल्टा’त पूर्ण दाबावर नेणारा) आणि त्यांच्यावर एक पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमनुसार पंप चालू-बंद करणारा छोटा कॉम्प्युटर. टाकी २ किलोमीटरवर, तिची पातळी मोडेमवरून पंपघरात येते. लाइट गेली की पीएलसी बंद पडायचा, म्हणून अख्ख्या कंट्रोल पॅनलला ऑफिसात कॉम्प्युटरला लावतात तसा १ केव्हीएचा यूपीएस लावला. तेव्हापासून लाइट आली की मेन ब्रेकर उडतो. आणि एकदा रात्री ५ तास लाइट नव्हती, ती आल्यावरही पंपघर सकाळपर्यंत बंदच होतं. आता २ केव्हीए घ्यावा की ३?

दोन्ही नकोत. आहे तोच काढा, आणि त्याच्या जागी त्याहून लहान काहीतरी लावा. तुमच्या दोन्ही तक्रारी यूपीएसच्या आकारातून आलेल्या नाहीत. तो कशाकशाला वीज देतोय, तिथून त्या आल्या आहेत.

ब्रेकरचं आधी बघू. कंट्रोल पॅनलची सगळी २३० व्होल्टची लाइन यूपीएसवर घेतलीत, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलही त्यावर गेल्या. कॉइलला दाब असेपर्यंतच कॉन्टॅक्टर ओढलेला राहतो. एरवी लाइट गेली की कॉइलचा दाब जातो, कॉन्टॅक्टर सुटतो आणि मोटर पॉवरपासून वेगळी होते. लाइट परत आली तरी कोणीतरी पुन्हा स्टार्ट दिल्याशिवाय ती चालू होत नाही. जुन्या साध्या स्टार्टरमध्ये हे संरक्षण फुकट मिळत होतं. तुम्ही कॉइलला बॅटरीवरून दाब दिलात, त्यामुळे लाइट गेल्यावर मोटर थांबली, पण कॉन्टॅक्टर चिकटलेलाच राहिला. तोही डेल्टा स्थितीत. लाइट आली की तिन्ही मोटरा स्टारमध्ये न जाता थेट डेल्टात, एकाच क्षणी उठतात. १५ किलोवॅटची मोटर ४०० व्होल्टला पूर्ण भाराखाली साधारण २८ अँपिअर घेते आणि थेट सुरू करताना त्याच्या सहा-सातपट. तीन मोटरांचे मिळून ५०० अँपिअरच्या वर. ब्रेकर उडतो ते बरंच आहे, तो त्याचं काम चोख करतोय.

कॉइल यूपीएसवर टाकणाऱ्या वायरमनला मी अगदीच मूर्खात काढणार नाही. व्होल्टेज क्षणभर खाली गेलं की कॉन्टॅक्टर तडतडतो, त्याचे पॉइंट (एकमेकांना टेकून वीज जोडणारे भाग) जळतात, कधी एकमेकांना चिकटतात. ते टाळायला कोणीतरी हा उपाय शोधतो. पण अर्ध्या सेकंदाच्या झटक्यासाठी केलेला उपाय ५ तासांच्या अंधारातही तसाच लागू राहतो, तिथे घोळ होतो. शिवाय मोटर फिरत असताना तिच्यात स्वतःचा दाब काही काळ शिल्लक असतो. तेवढ्यात लाइट परत आली आणि दोन्हींचा मेळ बसला नाही, तर शाफ्टला आणि कपलिंगला जबर हिसका बसतो. पंपाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: कॉन्टॅक्टरला सुटू द्या. पाणी चढवणारा पंप दोन मिनिटं उशिरा सुरू झाला तर कोणाचं काही अडत नाही.

म्हणजे कंट्रोल जागं ठेवायचं, पण त्याच्या हातून मोटर सुटली पाहिजे. वायरिंगमध्ये याचा अर्थ असा: पीएलसी, सेन्सर, मोडेम आणि छोटे मधले रिले (पीएलसी आणि कॉन्टॅक्टर यांच्यामधले छोटे स्विच) हे २४ व्होल्ट डीसीवर, बॅटरीच्या आधाराने. कॉन्टॅक्टरच्या कॉइल मात्र मेनवरूनच. पीएलसीचा आउटपुट मधला रिले ओढतो आणि त्या रिलेचा पॉइंट कॉइलची मेनची वायर जोडतो. त्याच वायरीत सिरीजमध्ये फेज मॉनिटरिंग रिलेचा, म्हणजे तिन्ही फेज नीट येताहेत का ते बघणाऱ्या रिलेचा, पॉइंट घाला. प्रोग्रॅममध्ये चूक झाली, आउटपुट अडकून राहिला, तरी फेज नसताना कॉन्टॅक्टर ओढला जाणार नाही. त्याच रिलेचा दुसरा पॉइंट पीएलसीच्या इनपुटला द्या, म्हणजे लाइट गेल्याचं त्यालाही कळेल आणि तो सगळे रन कमांड स्वतः काढून घेईल.

आता ती सकाळपर्यंत मेलेली रात्र. माझ्याही वाट्याला अशी एक आली होती. दूरचं पंपघर, लाइट पहाटे आली, आणि तरी स्क्रीनवर त्या स्टेशनचा पत्ता नाही. गाडी काढून तिथे गेलो, कुलूप उघडलं, तर यूपीएस गप्प बसलेला. पुढचं बटण दाबलं, टुंग आवाज आला आणि सगळं सुरू. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत चालून बंद झालेले कित्येक लहान यूपीएस लाइट आल्यावर आपणहून उठत नाहीत. माणसाने बटण दाबावं अशी त्यांची अपेक्षा असते. टेबलाखाली ते ठीक आहे, तिथे माणूस असतो. पंपघरात ते बटण म्हणजे आणखी एक बिघाड. तुमच्याकडेही ५ तासांनंतर बहुधा हेच झालं. ३ केव्हीएचा घेतला असता तर हाच प्रसंग ५ ऐवजी ८ तासांनी आला असता, इतकंच. मोठा यूपीएस कमी भारावर चालताना स्वतःच किती वीज खातो, ते वेगळंच.

त्याऐवजी २४ व्होल्टचा डीसी यूपीएस लावा. पॅनलमधल्या एसएमपीएसशेजारी (मेनच्या एसीचं २४ व्होल्ट डीसी करणाऱ्या पुरवठ्याशेजारी) रेलवर बसणारं हे मॉड्यूल असतं, त्याला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या. लाइट असताना ते बॅटरी चार्ज करतं, लाइट गेली की बॅटरी पुढे करतं आणि मध्ये खंड पडत नाही. बॅटरीच्या डीसीचं एसी करून पुन्हा एसएमपीएसमध्ये डीसी करण्याचा उलटसुलट खटाटोप वाचतो. बॅटरी उतरून तोडली गेली असली, तरी लाइट आल्यावर एसएमपीएस थेट २४ व्होल्ट देतो आणि पीएलसी उठतो, बटणाचा प्रश्नच येत नाही.

किती मोठा, हे मोजून काढा. तुमच्यासारख्या पॅनलचा अंदाज असा: पीएलसी १२ वॅट, छोटी टच स्क्रीन १०, मोडेम ४ ते ५, सेन्सर १, मधले रिले आणि दिवे १० च्या आसपास. धरून चाला ४० वॅट. ४ तासांना १६० वॅट-तास, म्हणजे २४ व्होल्टवर पावणेसात अँपिअर-तास. मॉड्यूलमधली गळती धरून साडेसात. शिसे-आम्लाची बॅटरी दरवेळी तळापर्यंत उतरवायची नसते, म्हणून ६० टक्केच वापरायची असं धरलं तर साडेबारा. जुनी झाल्यावर क्षमता घटते, त्यासाठी सव्वापट केलं की साडेपंधरा. बाजारात त्याच्या वरचा आकार १७ किंवा १८ अँपिअर-तासांचा मिळतो, तो घ्या. स्क्रीनचा उजेड बॅटरीवर असताना बंद होईल असं केलंत तर आणखी तासभर सहज निघतो. अंधारात बंद पंपघरात ती स्क्रीन बघणार कोण?

मॉड्यूल निवडताना दोन आकडे ताडून बघा. बऱ्याच पीएलसींना २०.४ ते २८.८ व्होल्ट एवढाच दाब चालतो. १२ सेलची बॅटरी २१ व्होल्टला, म्हणजे सेलमागे १.७५ ला, तोडली पाहिजे. त्याखाली बॅटरीही मरते आणि पीएलसीही धड चालत नाही, धड बंद होत नाही. वरच्या बाजूला फ्लोट चार्जिंग (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारा दाब) २७ ते २७.६ असतं, ते ठीक. पण काही चार्जर अधूनमधून २९ च्या जवळ जातात आणि तो दाब थेट पीएलसीवर येतो. साधा सुटा चार्जर आणि बॅटरी समांतर जोडून केलेल्या जुगाडात हे हमखास घडतं.

बॅटरी पॅनलच्या तळाशी ठेवा, वर नाही. वर गरम हवा साठते. अशा बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. ४५ अंशांच्या पेटीत ५ वर्षांची बॅटरी सव्वा वर्षात फुगते आणि मग लोक कंपनीला शिव्या देतात. पेटीला हवा खेळायला जाळी हवी, चार्जिंगच्या वेळी थोडा वायू सुटू शकतो. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. बसवल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा, रजिस्टर हरवतं. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यायची असेल तर जरूर घ्या, ती खोलवर उतरवलेली सोसते. मात्र तिचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे व्होल्टेज बघून किती उरलीय ते कळत नाही. आणि शून्य अंशांखाली ती चार्ज करायची नसते.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट: २४ व्होल्टच्या प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज द्या. संपमधल्या फ्लोटच्या (पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या स्विचच्या) जोडपेटीत पाणी शिरलं आणि सगळं एकाच फ्यूजवर असलं, तर बॅटरी ठणठणीत असूनही पीएलसी झोपतो.

आता जिथे लोक सर्वाधिक फसतात तिथे येतो, म्हणजे सेन्सर आणि पलीकडचं टोक. पंपघराला बॅटरी दिली, पण टाकीवरच्या सेन्सरला आणि मोडेमला दिली का? पातळीचा सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअर देतो. ४ म्हणजे रिकामी, २० म्हणजे भरलेली. त्याची वीज गेली की येतो शून्य. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने याचा विचार केला नसेल तर पीएलसीला शून्य म्हणजे ‘टाकी पार कोरडी’ असं वाटतं, आणि लाइट येताच तो तिन्ही पंप सोडतो. टाकी आधीच भरलेली असली तर पाणी रस्त्यावर. ४ पासून सुरुवात का केली असते, तर मेलेला सेन्सर आणि रिकामी टाकी यांत फरक कळावा म्हणून! ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर आकडा गेला की ती पातळी समजायची नाही, बिघाड समजायचा.

मोडेमच्या बाबतीत याच्या उलट होतं. तो मेला की शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो. स्क्रीनवर ६२ टक्के दिसतंय, तासभर ६२ टक्केच. म्हणून टाकीकडून दर काही सेकंदांनी बदलणारा एक नुसता मोजणारा आकडा पाठवायला लावा. तो मिनिटभर बदलला नाही तर संपर्क तुटला असं धरायचं. टाकीवरच्या सेन्सर-मोडेमला जेमतेम ५ वॅट लागतात. १० तासांचे ५० वॅट-तास. १२ व्होल्टची १२ अँपिअर-तासांची एक बॅटरी पुरेशी होते, आणि त्या जागी ऊन असेल तर छोटं सोलर पॅनल लावून मेनची वायरच नको म्हणता येते. मध्ये कुठे रेडिओ रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र) असेल तर त्यालाही आधार हवा, तो नेहमी विसरला जातो.

संपर्क तुटल्यावर काय करायचं हे पंपाच्या कामावर ठरतं. टाकी भरणारा पंप अशा वेळी थांबलेला बरा, किंवा फार तर ठरावीक मिनिटं चालून थांबावा. टाकीच्या कडेला एक साधा फ्लोट आणि त्याच्यापासून स्वतंत्र वायर असेल तर उत्तम, पण २ किलोमीटर वायर ओढायला मी सांगणार नाही. त्याऐवजी इनलेटवर फ्लोट व्हॉल्व्ह आणि पंपघरात डिस्चार्जचं प्रेशर स्विच लावा. व्हॉल्व्ह बंद झाला की प्रेशर चढतं आणि पंप थांबतो, त्यात मोडेमचा संबंधच नाही. सांडपाण्याचा किंवा तळघराचं पाणी उपसणारा पंप असेल तर निर्णय उलटा: संपर्क गेला तरी तो स्थानिक फ्लोटवर चालूच राहिला पाहिजे.

तशा संपला बॅटरीने कंट्रोल जागं ठेवून भागतही नाही, कारण लाइट नसली तरी पाणी येत राहतं. तिथे आधी किती वेळ आहे ते मोजा. धोक्याच्या खुणेपासून काठापर्यंत दीड मीटर उंची, संपचं क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, म्हणजे ९ घनमीटर जागा. सेकंदाला १० लिटर येत असेल तर १५ मिनिटांत काठोकाठ. १५ मिनिटांत माणूस पोचत नाही, म्हणून तिथे आपोआप सुरू होणारा जनरेटर हवा. तो उठून भार घेईपर्यंतचे काही सेकंद पीएलसीला डीसी यूपीएस सांभाळतो. फक्त जनरेटरच्या सेल्फची बॅटरी आणि कंट्रोलची बॅटरी एक करू नका. सेल्फ मारताना तिचा दाब धाडकन पडतो आणि पीएलसी नेमक्या त्या क्षणी रिस्टार्ट होतो. जनरेटर सुरू न होण्याच्या कारणांत हीच सेल्फची बॅटरी सगळ्यात वर असते, हेही लक्षात असू द्या.

तुमच्याकडे परत. लाइट आल्यावर काय क्रमाने घडावं? फेज रिलेने ‘तिन्ही फेज ठीक’ म्हटल्यापासून सलग २ मिनिटं थांबा. मधे एकदाही तुटलं तर पुन्हा शून्यापासून. लाइट पहिल्या मिनिटात दोन-तीनदा येते-जाते, आणि लाइनवरचे सगळे एकदम सुरू झाल्याने व्होल्टेजही पडलेलं असतं. मग पहिला पंप, तो डेल्टात स्थिर झाला की ३० सेकंदांनी दुसरा, तोही गरज असेल तरच.

या २ मिनिटांना आणखी एक कारण आहे. लाइट जाते तेव्हा पंप हळूहळू थांबत नाही, एकदम सोडून देतो. पाइपातलं पाणी पुढे जातं, मागे वळतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) धाडकन आपटतो. लोखंडी पाइपात ही दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर वेगाने धावते. तुमच्या २ किलोमीटरच्या लाइनीत ती जाऊन यायला ४ सेकंद लागतात. वेग एकदम १ मीटर प्रतिसेकंदाने बदलला तर सुमारे १०० मीटर उंचीइतका दाब, म्हणजे जवळपास १० बार, नेहमीच्या दाबावर चढतो किंवा उतरतो. पीएलसी जागा असला तरी हा ठोका चुकत नाही. त्यावर इलाज पाइपावरच: एअर व्हेसल (धक्का झेलणारी हवा भरलेली टाकी), एअर व्हॉल्व्ह, बरा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. कंट्रोलने एवढंच करायचं की लाटा शांत होण्याआधी नवा धक्का द्यायचा नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल तर उतरणारं पाणी पंपाला उलटं फिरवतं, आणि उलट्या फिरणाऱ्या पंपाला स्टार्ट दिला तर शाफ्ट मोडू शकतो. बोअरमधल्या सबमर्सिबलला तर हा थांबा ५ मिनिटांचा ठेवायला मी कचरत नाही.

फेज रिले घेताना तो फेजचा क्रमही बघणारा घ्या. लाइनवर दुरुस्ती झाली की दोन फेजची अदलाबदल होऊन येऊ शकते. मोटर उलटी फिरते, आवाज नेहमीसारखाच येतो, पाणी मात्र जेमतेम. नुसतं व्होल्टेज बघणारा रिले आणखी एका प्रकारे फसतो. चालत्या मोटरची एक फेज गेली तर मोटर स्वतःच त्या वायरीवर जवळपास पूर्ण दाब तयार करते. असमतोल मोजणारा रिले हवा, किंवा करंट बघणारा. आणि पॅनलचा एसएमपीएस तीन फेजवर चालणारा मिळाला तर घ्या. बरेचसे दोन फेजवरही काम निभावून नेतात.

ज्यांच्याकडे स्टार-डेल्टाऐवजी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) आहे त्यांच्यासाठी एवढंच: ड्राइव्हचा कंट्रोल भाग बाहेरच्या २४ व्होल्टवर चालवायची सोय बऱ्याच मॉडेलांत असते, ती वापरा. ड्राइव्हचं स्वतःचं ऑटो-रिस्टार्ट बंद ठेवा. सुरू करायचा निर्णय एकाच मेंदूकडे असावा.

सुरक्षेचं शेवटी सांगतोय, पण पॅनल उघडण्याआधी वाचा. आता तुमचे पंप लाइट आल्यावर आपोआप सुरू होणार आहेत. लाइट गेलीय, पंप थांबलाय, चला ग्लँड (शाफ्टभोवतीची गळती अडवणारा भाग) घट्ट करून घेऊ, असं म्हणून कोणी हात घातला आणि त्याच वेळी लाइट आली तर? प्रत्येक पंपाजवळ कुलूप लावता येणारा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा हाताचा स्विच) हवा, आणि दारावर ठळक पाटी. इमर्जन्सी स्टॉपचा पॉइंट कॉइलच्या वायरीत थेट हवा, नुसता पीएलसीच्या इनपुटला नको. आणि तो सोडल्यावर रिसेट दिल्याशिवाय काही सुरू होता कामा नये. मेन बंद केला तरी पॅनलमध्ये २४ व्होल्ट जिवंत असतात. त्याने शॉक बसणार नाही, पण बॅटरीवर पाना पडला तर ठिणगी मोठी उडते.

बसवल्यावर चाचणी मेन ब्रेकर पाडूनच करा, मॉड्यूलवरचं टेस्ट बटण दाबून नव्हे. पंप चालू असताना पाडा. नंतर एकाच फेजचा फ्यूज काढून बघा. मग ५ सेकंदांत बंद-चालू-बंद करा आणि पीएलसी गोंधळतो का ते पाहा. टाकीवरचीही वीज एकदा वेगळी तोडा. आणि एका निवांत दिवशी बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत बंद ठेवून मग चालू करा, कशालाही हात न लावता. ही शेवटची चाचणी कोणी करत नाही, कारण तिला अख्खा दिवस जातो. तुमची ती रात्र नेमकी त्यातच पकडली गेली असती. ४ तास मिळायला हवे होते आणि अडीचच मिळाले, तर बॅटरी बदला, मग तिचं वय काहीही असो.

सामान येईपर्यंत आज एवढं करता येईल: आयसोलेटर पाडून आणि यूपीएसही बंद करून तिन्ही स्टार्टरच्या कॉइलची ए-१ ची (कॉइलच्या एका टोकाची) वायर मागे कुठपर्यंत जाते ते शोधा. पीएलसीचे आउटपुट रिलेचे असतील आणि त्या आउटपुटांचा कॉमन (त्या सगळ्यांना वीज देणारी सामायिक वायर) वेगळा असेल, तर फक्त तो कॉमन यूपीएसवरून काढून मेनवर घ्या. कॉइलचा न्यूट्रलही त्याच मेनचा असल्याची खात्री करा, यूपीएसच्या आउटपुटचा नको. दारावरचे दिवे किंवा आणखी काही त्याच कॉमनवर असेल तर ते लाइट जाताच विझेल, त्याची काळजी करू नका. ट्रान्झिस्टर आउटपुट असतील तर मधल्या रिलेंशिवाय हे जमणार नाही. तसं असेल तर पॅनलचं ड्रॉइंग समोर ठेवून आउटपुट कार्डाचा नंबर कळवा.